आईच्या तळपायाला लावायचा हवेचा पंप घरी खरंच लागतो का? (गुडघ्याचं ऑपरेशन झालंय)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आईचं (वय ६८, शुगर आहे, गोळ्यांवर) उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालंय, आज आठवा दिवस. हॉस्पिटलात तिच्या दोन्ही पायांना ते हवा भरणारे पट्टे लावलेले होते, घूं करून फुगायचे आणि फुस्स करून सुटायचे, नर्स त्याला डीव्हीटी पंप म्हणायच्या. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असतो एवढं कळलं. चौथ्या दिवशी घरी सोडलं. फाईलमध्ये रक्त पातळ करायची गोळी लिहिलीये ती चालू आहे, पंपाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, पण निघताना वॉर्डातल्या एका पोराने सांगितलं की घरी पण पंप लावा, भाड्याने मिळतो, आणि नंबरही दिला. घाबरलेला माणूस काय करणार, घेतला. डिपॉझिट वेगळं भरलं.

तर या माणसाने जो आणून दिला तो हॉस्पिटलसारखा पोटरीला गुंडाळायचा नाहीये, फक्त पावलाला घालायचा आहे, सॅंडलसारखा, खाली तळव्याला फुगा. पहिल्या रात्री लावला तर आई म्हणे कुणी तळपायावर गुद्दे मारतंय असं वाटतंय, काढ मेलं ते. दुसऱ्या रात्री मी झोपल्यावर तिने स्वतःच काढून टाकला. तेव्हापासून दोन दिवस मशीन कपाटावर आहे आणि भाडं चालू आहे.

आता खरा प्रश्न. आज सकाळपासून ऑपरेशनच्या पायाची पोटरी कालच्यापेक्षा जास्त सुजलेली दिसतेय, आणि दाबलं की दुखतंय म्हणते. मामा म्हणतात दोन दिवस पंप लावला नाही म्हणूनच झालं, आता सलग लावून ठेव, सूज उतरेल. लावू का? आणि पावलाचा पंप पोटरीच्या पंपाइतका चालतो का, की त्या माणसाने उरलासुरला माल माझ्या गळ्यात मारला?

फिजिओ_ताई
दादा, आधी एक गोष्ट, बाकी सगळं नंतर वाचा. पंप लावू नका. आत्ता लगेच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा, सांगा की कालच्यापेक्षा पोटरी सुजलीये आणि दुखतेय, आणि आजच्या आज पायाच्या शिरांचा डॉप्लर (शिरांतलं रक्त नीट वाहतंय का ते बघायची सोनोग्राफी) करायचा का विचारा. उद्यावर टाकू नका.

कारण सांगते. हा पंप गुठळी *होऊ नये* म्हणून आहे. झालेल्या गुठळीवर तो उपाय नाही. समजा आत गुठळी ऑलरेडी झालेली असेल आणि वरून तुम्ही दर मिनिटाला पाय दाबत बसलात, तर ती सुटून वर फुप्फुसात जायची भीती असते. म्हणून पंप काही दिवस बंद राहिला असेल आणि मध्ये सूज आली असेल तर आधी डॉप्लर, मग पंप, हा क्रम आम्ही वॉर्डात कधी मोडत नाही. त्याच कारणाने पोटरीला तेल लावून चोळायचं पण नाही, मामांना आवर्जून सांगा, कारण पंप नाही म्हटलं की पुढचा सल्ला हमखास तिळाच्या तेलाचा येतो.

सूज आहे म्हणजे गुठळीच आहे असंही नाही हं. गुडघा बदलल्यावर पाय सुजतोच, पोटरीपर्यंत काय घोट्यापर्यंत उतरते सूज, निळंजांभळं पण होतं. पण नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, मला पण नाही. पाऊल वर ओढून पोटरीत दुखतं का बघायची एक जुनी ट्रिक आहे ती करत बसू नका, तिच्यावर विसंबता येत नाही. गुठळीचा अंदाज घ्यायची रक्तातली डी-डायमर टेस्ट पण ऑपरेशननंतर अशीही वाढलेलीच येते त्यामुळे तिचा इथे फारसा उपयोग नाही. डॉप्लरच.

आणि मध्येच कधीही अचानक दम लागला, छातीत टोचल्यासारखं दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं, चक्कर येऊन पडल्या, तर फोनाफोनी करत बसायचं नाही, सरळ १०८ नाहीतर गाडीत घालून इमर्जन्सी.

गोळी चालू आहे ना? ती एकही चुकवू नका. कशी काय चाललंय ते कळवा इथे.

गोदाकाठ
धन्यवाद ताई. डॉक्टरांना फोन लागला, त्यांनी पण लगेच बोलावलंय, डॉप्लर लिहून पाठवलाय. निघतोय. मामांना सांगितलं, ते म्हणाले आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

पानापेटी_कोल्हापूर
गोदाकाठ, जाऊन या, काळजी करू नका. तोवर मशीनच्या प्रश्नाचं मी लिहून ठेवतो, आल्यावर वाचा. मी हॉस्पिटलांची मशीनं दुरुस्त करतो, चौदा वर्षं झाली, हे पंप पोत्यानं उघडलेत.

पहिलं म्हणजे तुम्हाला फसवलेलं नाही (निदान या बाबतीत तरी 😄). पावलाचा पंप हा वेगळा आणि खराच प्रकार आहे. पोटरीवाला जो असतो तो सावकाश दाबतो, साधारण ४०-५० मिमी पारा एवढा दाब, दहा-बारा सेकंद धरतो आणि मग मिनिटाचा उरलेला वेळ सोडून देतो म्हणजे शिरा परत भरतात. पावलाचा मात्र झटका देतो, दाब १३० च्या आसपास, एक ते तीन सेकंद फक्त, आणि दर वीस सेकंदांनी परत. बीपी बघताना दंडाला पट्टा आवळतो ना, तेवढा दाब एका फटक्यात तळव्यावर. आईंना गुद्दा वाटला तो बरोबरच वाटला, मशीन बिघडलेलं नव्हतं.

आता तळवाच का. पायातलं रक्त खालून वर चढवायला हृदयाचा जोर तिथवर फार उरलेला नसतो, पोटरीचे स्नायू आवळले की शिरा पिळल्या जातात आणि आत झडपा असतात त्यामुळे रक्त फक्त वरच जातं, आपल्या विहिरीच्या पंपाला फूटव्हॉल्व असतो बघा, तसंच, पाणी परत खाली येऊ देत नाही. हे पोटरीचं सगळ्यांना माहीत असतं. पण तळव्याच्या कमानीत पण शिरांचं एक जाळं आहे. १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या गार्डनर आणि फॉक्स या दोघांनी शिरांत डाय सोडून एक्सरेवर बघितलं, तर माणूस पाऊल टेकवून वजन टाकतो त्या क्षणाला तळव्याच्या शिरा रिकाम्या होतात. त्यांचं म्हणणं असं की वजनाने कमान सपाट होते, शिरा ताणल्या जातात आणि रक्त वर फेकलं जातं, बोटं हलवायचीही गरज नाही. म्हणजे प्रत्येक पावलाला एक स्ट्रोक. मग ज्याला पाऊल टेकवताच येत नाही त्याच्यासाठी बाहेरून ती कमान झटक्यात दाबायची, असं हे मशीन निघालं. झटका का, तर चालताना पाऊल पण हळूहळू टेकत नाही, पटकनच टेकतं.

याचा खरा फायदा कुठं, तर ज्याच्या पोटरीला काही गुंडाळताच येत नाही तिथं. नडगी मोडलीये, सळ्या बाहेर काढून फ्रेम लावलीये, मांडीपासून प्लास्टर आहे पण पाऊल उघडं आहे. ऑर्थोच्या वॉर्डात म्हणून हा जास्त दिसतो. तुमच्या आईंची पोटरी मोकळी होती, तिथं पोटरीवाला पण चालला असता आणि अंगाला मऊ लागला असता. भाडेवाल्याकडे जो शिल्लक होता तो दिला, एवढंच.

भाड्याच्या मशीनमध्ये मी काय बघतो ते पण सांगतो. पट्टा नवा पाहिजे, पाकिटातला. पट्टा एकाच पेशंटचा असतो, दुसऱ्याचा धुऊन आणलेला घ्यायचा नाही, आणि नेमकी तिथंच हे लोक काटकसर करतात. नळी पिळवटली किंवा पलंगाच्या पायाखाली आली की मशीन आवाज करत राहतं, आत हवा काहीच जात नाही आणि घरातले समाधानात असतात की पंप चालूय. म्हणून कानावर जाऊ नका, पट्ट्यावर हात ठेवून बघा फुगतोय का. बॅटरी बॅकअप विचारा, बऱ्याच जुन्या पीसची बॅटरी मेलेली असते, लाईट गेली की संपलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाथरूमला उठताना पट्टे सोडायचे. नळ्या पायात घेऊन उठलेली माणसं पडलेली मी ऐकलीत, गुठळी राहिली बाजूला आणि खुब्याचं हाड गेलं.

विदर्भवाला_भाऊ
मला विचाराल तर हा सगळा धंदा आहे राजेहो. आमच्या आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ना पंप ना काही, तिसऱ्या दिवशी वॉकर धरून अंगणात. मशीन भाड्याने, मोजे विकत, गोळ्या वेगळ्या. माणूस घाबरला की खिसा मोकळा होते. आणि हे फूट मसाजर तर मॉलमध्ये पण भेटते, पाय टाकले की गोल गोल फिरते, तेच घ्या न मग.

रात्रपाळी
विदर्भवाले भाऊ, अर्धं तुमचं बरोबर आहे आणि अर्धं धोक्याचं आहे. (मी मेडिसिनमध्ये आहे, नाव-गाव नको.)

मॉलमधला मसाजर वेगळी वस्तू आहे, रोलर फिरतात, बरं वाटतं, संपलं. ठरलेल्या दाबाने ठरलेल्या वेळाला शिरा रिकाम्या करणं त्यात नाहीये. ऑपरेशनच्या पायाला तर तो अजिबात नको.

पंप उपयोगी आहे की नाही, तर कुणासाठी हे विचारायला पाहिजे. लकवा मारून अंथरुणाला खिळलेल्या पेशंटवर ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झाला, क्लॉट्स ३ नावाचा, २०१३ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला, २८७६ पेशंट होते. मांडीपर्यंतचे हवेचे पट्टे लावलेल्यांत ३० दिवसांत गुठळी निघाली ८.५ टक्के लोकांत आणि न लावलेल्यांत १२.१ टक्के. म्हणजे शंभरामागे तीन-चार जण वाचले, जे हलूच शकत नाहीत आणि ज्यांना रक्त पातळ करायचं औषध द्यायलाही डॉक्टर बिचकतात त्यांच्यासाठी हे खूप आहे. आता उलटी बाजू. २०१९ ला प्रिव्हेंट नावाचा अभ्यास आला, आयसीयूमधले २००३ पेशंट, सौदी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि आपल्या भारतातले सुद्धा. यांना सगळ्यांना रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालूच होतं, त्यातल्या निम्म्यांना वरून पंप. मांडीकडच्या मोठ्या शिरांत नवीन गुठळी ३.९ विरुद्ध ४.२ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा. औषध नीट चालू असताना पंपाने वर काही भर पडली नाही.

हे दोन्ही एकत्र ठेवलं की गोदाकाठ यांच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळतं. गुडघा बदलण्याबद्दल ब्रिटनच्या नाइसचं (उपचार कसे करावेत ते ठरवून देणारी तिथली सरकारी संस्था) २०१८ चं मार्गदर्शन आहे त्यात पण हेच, मुख्य भिस्त औषधावर, आणि रक्तस्रावाच्या भीतीमुळे औषध देता येत नसेल तर पंपाचा विचार करा, तोही माणूस चालायला लागेपर्यंत. काकूंना गोळी चालू आहे, वॉकरवर चालत असतील, तर घरी पंप लागायलाच पाहिजे असं नव्हतं. फाईलमध्ये लिहिलेला नव्हता तो विसरून नव्हे, बहुतेक मुद्दामच.

पण भाऊ, आजीचं उदाहरण देऊन "काही लागत नाही" म्हणू नका. फिरखॉ नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने तीन गोष्टी सांगतात, रक्त संथ होणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा गोठायचा कल वाढणं. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये तिन्ही एकदमच होतात. आजी तिसऱ्या दिवशी अंगणात चालल्या, हाच त्यांचा पंप होता की हो. आणि धोका डिस्चार्जच्या कागदाबरोबर संपत नाही, पुढे काही आठवडे असतो, म्हणून तर गोळी घरी देतात.

एक गोष्ट अजून, काकूंना शुगर आहे म्हणून सांगतो. पायाच्या धमन्या अरुंद असतील, पायावर जखम किंवा लाल गरम सूज असेल, हार्ट फेल्युअरने फुप्फुसात पाणी असेल, तर असले पट्टे लावत नाहीत. शुगरवाल्यांच्या तळव्याची संवेदना कमी झालेली असते, पट्टा चुकीचा बसून घासत असेल तरी त्यांना कळत नाही. निदान दिवसातून दोनदा काढून कातडी बघायची असते. हे भाडेवाल्याने सांगितलं का?

विदर्भवाला_भाऊ
बरं बाबा, मसाजरचं मागे घेतो. धंद्याचं मागे घेत नाही.

ठाणे_टू_न्यूजर्सी
विषय थोडा वेगळा आहे पण याच धाग्यावर विचारते, माझी सासूबाई पुढच्या महिन्यात इकडे येणारेत, पंधरा-सोळा तासांचा प्रवास, त्यांच्यासाठी तो बॅटरीवरचा पोटरीचा पंप ऑनलाईन बघत होते. घेऊ का?

रात्रपाळी
आधी गुठळी झाली असेल, कॅन्सर असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर त्यांच्या डॉक्टरला विचारा. नाहीतर नको. चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात धोका साधारण दुप्पट होतो हे खरं, पण मूळ आकडा लहान आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात निरोगी माणसासाठी सहा हजारांत एक असा काहीसा होता. आईल सीट घ्या, तासा-दीड तासाने उठवा, पाणी पाजा. सासूबाई लाजून उठणार नाहीत, म्हणून आईलच.

फिजिओ_ताई
मी वाट बघतेय, डॉप्लरचं काय झालं?

गोदाकाठ
आत्ताच घरी आलो, साडेनऊ झाले. सगळ्यांना आधी हे सांगतो, डॉप्लर क्लिअर आहे, गुठळी नाही. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची सूज आहे आणि त्यात काल आई नातवाच्या अभ्यासाला म्हणून तीन तास खुर्चीत पाय खाली सोडून बसली होती, ते तिने आम्हाला कुणाला सांगितलंच नव्हतं. तरी दुखणं-सूज वाढली तर पुन्हा डॉप्लर करायचा म्हणाले.

पण दुसरीच गोष्ट निघाली. रात्रपाळी, तुम्ही लिहिलंत तसंच. डॉक्टरांनी डाव्या पायाचा मोजा काढून तळवा बघितला तर टाचेच्या आतल्या बाजूला लाल चट्टा, वर बारीक फोड. पंपाच्या पट्ट्याची कड तिथे येत होती. आईला पत्ताच नाही! तिला गुद्दे कळत होते, घासणं कळत नव्हतं. मला वाटत होतं ती उगाच कुरकुर करतेय. मी पहिल्या रात्री तिच्यावर जरा ओरडलो पण होतो, की एवढे पैसे भरलेत आणि तू काढून काय टाकतेस. गाडीत येताना नुसता गप्प बसून होतो.

पंप बंद, कायमचा. गोळी सांगितलेल्या दिवसापर्यंत. डॉक्टरांना विचारलं घरी पंप लावायचा होता का, तर म्हणाले मी लिहिला होता का? पुढे काही बोललो नाही. भाडेवाला डिपॉझिट पूर्ण द्यायला तयार नाही, म्हणतो पट्टा वापरलेला आहे. पानापेटी, तुम्ही लिहिलेलं वाचून त्याला विचारलं की मग माझ्याकडे आला तेव्हा पट्टा पाकिटात होता का? तर फोन ठेवला. पाकिटात नव्हताच तो.

पानापेटी_कोल्हापूर
ठेवणारच. मशीनचा आणि पट्ट्याचा फोटो काढून ठेवा परत द्यायच्या आधी. आणि फोड फोडू नका कुणी घरात हौसेनं.

फिजिओ_ताई
हुश्श. बरं झालं क्लिअर आलं. ओरडलात त्याचं मनाला लावून घेऊ नका, पण शुगरवाल्या पायाची कुरकुर पुढच्या वेळी सिरियसली घ्या. फोड रोज बघायचा, टाच गादीवर टेकणार नाही अशी पोटरीखाली उशी द्या (गुडघ्याखाली नाही हं, गुडघ्याखाली उशी दिली की गुडघा वाकलेलाच राहतो आणि मग सरळ करायला आम्हालाच घाम फुटतो). बसायचं तेव्हा पाय स्टुलावर, एका जागी अर्ध्या तासाच्या वर नाही. आणि घोटा वर-खाली, पूर्ण वर पूर्ण खाली, जागेपणी दर तासाला वीस-पंचवीस वेळा. नुसती बोटं नाचवायची नाहीत, पोटरी आवळलेली हाताला लागली पाहिजे. वॉकरने घरातल्या घरात चार-पाच फेऱ्या, त्या वाढवत न्यायच्या. चालताना पाऊल चोरतात बरेच पेशंट, चवड्यावर टेकवतात भीतीने, तर टाच आधी आणि मग पूर्ण तळवा टेकवायला लावा. वर पानापेटींनी तळव्याच्या कमानीचं सांगितलं ना, ते वजन पडलं तरच चालतं. मात्र फोडावर दाब येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून मऊ ड्रेसिंग आणि सैल चप्पल.

गोदाकाठ
ताई, दर तासाला कोण आठवण करणार हा प्रश्न होता, तो आईनेच सोडवला. सिरीयलमध्ये जाहिराती लागल्या की घोटे हलवते. नातू शेजारी बसून मोजतो आणि ती सतराला थांबली की ओरडतो. काल मी ओरडत होतो, आज तो.

एकच राहिलं, वॉकरपण त्याच माणसाकडून भाड्याने घेतलाय. तो पण परत देऊ का?

पानापेटी_कोल्हापूर
वॉकर राहू द्या! खालचे रबर तेवढे बघा, झिजले असतील तर मेडिकलमध्ये नवे मिळतात. आणि त्याला सांगू नका बदलले म्हणून, नवे काढून घेऊन जुनेच लावून परत करा.

विदर्भवाला_भाऊ
हे पटलं.